मुखपृष्ठावरची बाई यंत्रावर गोरी होत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांचे हे दिवस. फोटो काढून झालेले असतात, मांडणीला हात लागलेला असतो आणि नवरात्र बसायच्या आत छपाईच्या प्लेटा गेल्या पाहिजेत अशी घाई असते. याच सुमारास मासिकांतल्या स्त्रीप्रतिमेवर एखादा परिसंवादही होतो. तिथे 'समाजाची मानसिकता' हे शब्द चार-दोनदा येतात, चहा होतो, मंडळी घरी जातात. आम्ही फोटोदुरुस्ती, मांडणी आणि प्लेटा काढण्याच्या कामातले लोक. ही मानसिकता कुठल्या टेबलावर, किती टक्के शाई कमी करून कागदावर उतरते, एवढं मात्र आम्हाला नक्की ठाऊक आहे. ते आपल्या वाचकांपुढे यावं म्हणून हे पत्र.

सुरुवात एका वाक्यापासून करतो. पेठांतल्या छापखान्यांत आणि मासिकांच्या कचेऱ्यांत ते सारखं कानावर येतं: "सावळा चेहरा छपाईत काळा पडतो हो, जरा खुलवून घ्या." हे वाक्य अर्धं खरं आहे. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं.

खरं अर्ध असं. ऑफसेटमध्ये रंग ठिपक्यांनी छापला जातो. प्लेटेवरचा पन्नास टक्क्यांचा ठिपका कागदावर पन्नासाचा राहत नाही. रबरी ब्लँकेटवरून उतरताना तो दबतो, शाई पसरते. चांगल्या आर्ट पेपरवर (लेप दिलेल्या गुळगुळीत कागदावर) तो पासष्टच्या आसपास जातो, मॅपलिथोवर (बिनलेपाच्या कागदावर) सत्तरच्या घरात, न्यूजप्रिंटवर त्याच्याही पुढे. ही वाढ मधल्या छटांत सर्वांत जास्त असते. गोऱ्या गालावरचे ठिपके दहा ते तीस टक्क्यांचे, तिथे हे फुगणं फारसं डोळ्यांत भरत नाही. सावळ्या गालाचे बहुतेक बारकावे चाळीस ते सत्तरच्या पट्ट्यात असतात, म्हणजे ठिपका नेमका जिथे फुगतो तिथेच. त्यात सियान, म्हणजे निळसर शाई, वाढली की तांबूस तपकिरी रंग राखी, हिरवट दिसायला लागतो. "काळा पडला" म्हणतात तो हा. खरं तर चेहरा काळा पडलेला नसतो, मळलेला असतो.

आता खोटं अर्ध. सावळ्या गालावर, मध्यम उजेडाच्या जागी, साधारण सियान ३५ टक्के, मॅजेंटा (गुलाबी शाई) ५५, पिवळा ६५ आणि काळा ५ ते १० असा मेळ बसतो. माणसागणिक फरक पडतो, पण पिवळा मॅजेंटापेक्षा थोडा वर आणि सियान मॅजेंटाच्या निम्म्याहून थोडी जास्त, ही खूण आपल्याकडच्या पुष्कळ चेहऱ्यांना लागू पडते. मासिकात शेवटी जो चेहरा जातो त्याचे आकडे मात्र सियान १०, मॅजेंटा ३२, पिवळा ३८, काळा शून्य असे निघतात. छपाईत वाढणारे पंधरा-एक टक्के आधीच वजा करणं समजण्यासारखं आहे. इथे वजा झाले पंचवीस, आणि काळी शाई तर मुळासकट गेली. ही छपाईची दुरुस्ती नव्हे, हा रंग बदलणं झालं. त्याला लागतात दोन मिनिटं: फोटोशॉपमध्ये 'सिलेक्टिव्ह कलर' उघडायचं, लाल आणि पिवळा निवडून त्यांतली सियान आणि काळा मागे ओढायचा, मग चेहऱ्यापुरता मास्क लावून (बाकीचा भाग झाकून) उजेडाचा कर्व्ह वर उचलायचा.

चेहऱ्यापुरता, हे महत्त्वाचं. हात, कान, मान आणि पोलक्याखालचा पोटाचा भाग घाईत राहून जातो. वाचकांनी घरातला कुठलाही जुना रंगीत अंक काढून मुखपृष्ठावरच्या बाईचा हनुवटीपाशी आलेला हात आणि गाल शेजारी-शेजारी पाहावेत. पुष्कळ ठिकाणी ते दोन वेगळ्या माणसांचे वाटतील.

ठिपका फुगतो यावरचा खरा उपाय फोटोत नाही, प्लेटेत आहे. सीटीपीवर, म्हणजे संगणकावरून थेट प्लेट काढणाऱ्या यंत्रावर, प्लेट काढताना भरपाईचा कर्व्ह लावला की त्या कागदावर ठिपका जेवढा फुगणार तेवढा आधीच लहान होऊन प्लेटेवर येतो, आणि तो चारही रंगांत, पानावरच्या सगळ्याच चित्रांसाठी. त्यासाठी छापखान्याने आपल्या मशिनवर, आपल्या कागदावर एकदा चाचणीपट्टी छापून डेन्सिटोमीटरने, म्हणजे शाईची दाटी मोजणाऱ्या उपकरणाने, मोजलेली असावी लागते. कागद बदलला की पुन्हा मोजायची. हे काम अर्ध्या दिवसाचं असतं आणि ते टळतं, कारण त्याचे पैसे कुणाच्या बिलात धरायचे हे ठरत नाही.

दुसरी चूक प्रोफाइलची, म्हणजे कुठल्या कागदावर रंग कसा उतरेल हे सॉफ्टवेअरला सांगणाऱ्या फाइलची. पडद्याच्या रंगांतला (आरजीबी) फोटो छपाईच्या चार शायांत (सीएमवायके) बदलताना सॉफ्टवेअरमध्ये मुळात बसवून आलेलं अमेरिकन वेब-ऑफसेटचं प्रोफाइल तसंच राहू दिलं जातं. आर्ट पेपरसाठी फोग्रा या छपाई-मानकांपैकी ३९ किंवा ५१, बिनलेपाच्या कागदासाठी फोग्रा ५२, आणि छापखान्याने स्वतःचं दिलं असेल तर तेच, एवढं पाळलं तरी निम्मा मळ जातो. चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज आर्ट पेपरवर ३०० ते ३२०च्या वर आणि न्यूजप्रिंटवर २४०च्या वर जाऊ द्यायची नाही. नाहीतर केसांचा अंबाडा आणि त्याची सावली मिळून एकच डांबराचा गोळा होतो. काळी शाई गालावर जवळजवळ नको. पण हनुवटीखाली, डोळ्याच्या खोबणीत, नाकपुडीच्या कडेला हवीच. ती काढून टाकली की चेहऱ्याला घाटच राहत नाही, आणि मग तो पुन्हा आणण्यासाठी ओठ-डोळे भडक केले जातात. मुखपृष्ठांवरच्या बायका बाहुलीसारख्या का दिसतात, त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

गडबड त्याच्याही आधी, फोटो काढताना सुरू झालेली असते. जरीचा शालू, मोत्यांचे दागिने, मागे पांढरी भिंत. एवढा लखलखाट पाहून कॅमेऱ्याचा मीटर उजेड कमी करतो आणि चेहरा अंधारात जातो. मीटर बाईसाठी लावलेला नसतो, शालूसाठी लागतो. गालावरून स्पॉट मीटरने मोजायचं, पहिल्या फोटोत अठरा टक्के राखाडी कार्ड धरायचं (रंग-उजेड जुळवायला खूण म्हणून), उजेड समोरून फ्लॅशचा न मारता बाजूने, मोठ्या सॉफ्टबॉक्समधून किंवा खिडकीतून घ्यायचा. सावळ्या त्वचेचं सौंदर्य तिच्यावर पडलेल्या झळाळीत असतं, ती बाजूच्या उजेडातच उमटते. समोरचा फ्लॅश तिला सपाट आणि तेलकट करतो. मग तोच फोटो टेबलावर येतो आणि 'हिला जरा खुलवा' म्हणून सांगितलं जातं.

या पक्षपाताचा इतिहास जुना आहे. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी नमुना म्हणून एका गोऱ्या बाईचा फोटो देई. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची त्वचा नीट आली की रंग जुळले, असा हिशेब. चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांनी तपकिरी छटा नीट येत नाहीत म्हणून तक्रारी केल्या तेव्हा फिल्म सुधारायला गती आली, असं कोडॅकच्याच माणसांनी पुढे सांगितलेलं आहे. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका असलेलं कार्ड यायला १९९०चं दशक उजाडलं. आज फिल्म नाही, कार्डही नाही. पुण्यातल्या एखाद्या ऑपरेटरच्या डोळ्यात मात्र ते अजून आहे, आणि त्याला दोष देऊन उपयोग नाही, कारण त्याला दुसरं कार्ड कुणी दाखवलेलंच नाही.

मशिनवरची एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. सोळा पानी फॉर्मच्या शीटवर एका बाजूला आठ पानं असतात: आडवी चार, खाली-वर दोन. शाईच्या डब्याच्या चाव्या मशिनच्या रुंदीवर असतात. म्हणजे खाली-वर आलेल्या दोन पानांना शाई एकाच चाव्यांतून मिळते. वरच्या पानावर सराफाची गडद लाल-काळी जाहिरात असेल आणि खाली एखाद्या लेखिकेचा चेहरा, तर जाहिरात 'भरलेली' दिसावी म्हणून मशिनमन चावी उघडतो आणि लेखिकेचा चेहरा काळवंडतो. जाहिरातदाराचा माणूस मशिनपाशी उभा असतो, लेखिका नसते. पुढच्या अंकात संपादक म्हणतात, बायकांचे फोटो गडद येतात, आधीच उजळून द्या. उपाय पानं लावण्यात आहे. इम्पोझिशन करतानाच गडद जाहिरात आणि चेहऱ्याचं पान एकाच उभ्या रांगेत येऊ द्यायचं नाही. अंकाची डमी वेळेवर हातात आली तर हे फुकट होतं. जाहिराती शेवटच्या रात्रीपर्यंत येत राहतात म्हणून होत नाही.

प्रूफ पाहण्याबद्दल थोडकं. ते दिवसाच्या उजेडाजवळ जाणाऱ्या ५००० केल्व्हिनच्या दिव्याखाली पाहायचं, ट्यूबलाइटखाली नाही. आणि मुखपृष्ठाचा निकाल लॅमिनेशननंतर करायचा. ग्लॉस रंग गडद आणि भरीव करतं, मॅट थोडं पांढरट. मॅट लॅमिनेशन ठरलेलं असताना 'अजून उजळ करा' असा शेरा मारला की बाई पिठात घोळल्यासारखी येते.

रंगानंतर आकार. फोटोशॉपमध्ये 'लिक्विफाय' २००० साली, सहाव्या आवृत्तीत आलं. तोवर कंबर बारीक करणं कष्टाचं होतं, आता ते ब्रशने ढकलण्याइतकं सोपं आहे. आपल्याकडे ते पकडायला एक उत्तम साधन आहे, पैठणी. नारळी काठाचे शेंडे विणताना सारख्या अंतरावर पडतात. कमरेपाशी ते अचानक दाटीवाटीने आले आणि मांडीवर पुन्हा सुटे झाले, तर मधे ब्रश फिरलेला आहे. मागच्या दाराची चौकट, फरशीची रेघ, खांब यांनाही तिथेच बाक येतो. त्वचा गुळगुळीत करण्यासाठी 'फ्रिक्वेन्सी सेपरेशन' वापरतात. पोत एका थरावर, रंग दुसऱ्यावर. वीस पिक्सेलांच्या जागी साठ पिक्सेलांचा ब्लर दिला की चाळिशीतली नटी पंचविशीची होते आणि तिच्या गळ्यावरच्या दोन आडव्या रेघा पुसल्या जातात. मुलाखतीत ती वयाबद्दल मोकळेपणाने बोललेली असते, हा भाग वेगळा.

आणखी एक, खास मराठी. मांडणीत चेहरा पानाच्या आतल्या बाजूला बघणारा हवा असतो. नसला तर फोटो उलटवतात, आमच्या भाषेत 'फ्लॉप' करतात. नथ डाव्या नाकपुडीतून उजवीत जाते, पदर डाव्या खांद्यावरून उजव्यावर. लेख असतो 'परंपरेचा साज'. हे कळायला तज्ज्ञ लागत नाही, आजी पुरते. पण पानावर बाई सजावटीसाठी असेल तर ती डावी काय आणि उजवी काय. पुरुष मंत्र्याचा फोटो उलटवताना मात्र सदऱ्याचा खिसा आणि त्यातलं पेन पाहून हात थांबतो. एआयने बनवलेल्या नऊवारीतल्या बायकांचंही तेच. काष्टा कुठून येतो आणि कुठे खोचतात हे त्या चित्राला माहीत नसतं, नथ कुठल्याही नाकपुडीत असते, बांगड्या एकमेकींत विरघळलेल्या असतात. रंग मात्र न चुकता गहू-गोरा.

यावर कुणी म्हणेल की दिवाळी अंकांवर देखण्या बायका पहिल्यापासून आहेत. आहेतच. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि ही प्रथा रुजली. पुढे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी मुखपृष्ठांवरची बाई घडवली. पण ते चित्र होतं आणि चित्र म्हणूनच पुढे येत होतं. कुंचल्याने काढलेल्या कमरेशी कुणी आरशासमोर स्वतःची कंबर ताडून पाहत नाही. फोटो 'ही अशी आहे' असं सांगतो. तक्रार आहे ती त्या सांगण्याबद्दल.

अंगप्रदर्शनाबद्दल ही तक्रार नाही, हेही इथेच सांगून टाकतो, कारण असं पत्र छापून आलं की पाठोपाठ चार पत्रं पदराच्या लांबीवर येतात. र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' चालवलं. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचित्र, आत संततिनियमन आणि कामस्वास्थ्याची सरळ माहिती. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. त्या अंकांनी बाईला जेवढं शहाणं समजलं तेवढं डोक्यावरून पदर घेतलेल्या, सालस हसणाऱ्या आणि तीन छटांनी गोऱ्या केलेल्या मुखपृष्ठाने समजलेलं नाही.

कायद्याची मुख्य नजरही उघड्या अंगावरच आहे. स्त्रियांचे असभ्य प्रदर्शन रोखणारा १९८६चा कायदा २ ऑक्टोबर १९८७ पासून लागू झाला. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. त्याच्या व्याख्येत स्त्रीला हीन लेखणारं चित्रण येतं खरं, पण त्वचेचा रंग तीन छटांनी उतरवणं या कायद्यात बसवून दाखवणं कठीण. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून व्यापारी फोटोत शरीर बारीक किंवा जाड केलं असेल तर 'दुरुस्त केलेलं छायाचित्र' असं छापावं लागतं, नाहीतर ३७,५०० युरो दंड आहे आणि तो जाहिरातीच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. नॉर्वेत जुलै २०२२ पासून जाहिरातींना तसंच चिन्ह लागतं. दोन्हीकडे बंधन आहे ते जाहिरातीला. मासिकाचं संपादकीय पान तिथेही मोकळंच.

आपल्याकडे तर याची फारच गमतीदार तऱ्हा झाली आहे. अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल, म्हणजे अ‍ॅस्की, ही जाहिरात व्यवसायाने १९८५ मध्ये स्वतःसाठी नेमलेली संस्था. तिने २०१४ मध्ये गोरेपणाच्या उत्पादनांसाठी नियम केले. सावळी व्यक्ती दुःखी, अनाकर्षक, लग्न किंवा नोकरी न जमणारी अशी दाखवायची नाही. क्रीमचा गुण वाढवून दाखवण्यासाठी संगणकावर मॉडेलचा चेहरा बदलायचा नाही. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'ने नावातून 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं. म्हणजे आता दुसऱ्या कव्हरावरच्या क्रीमच्या जाहिरातीला चेहरा उजळून क्रीमचा गुण दाखवण्याची मनाई आहे, आणि त्याच्या पाठीमागे, मुखपृष्ठावर, तोच उद्योग राजरोस चालू आहे. जाहिरातदाराला जे स्वतःच्या नावावर करता येत नाही ते संपादक फुकटात करून देतात.

जाहिरातींचा विषय निघालाच आहे तर आणखी एका कायद्याकडे जाहिरात विभागाचं लक्ष वेधतो. औषधे आणि जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४चा कायदा. त्याच्या परिशिष्टात ५४ व्याधी आणि अवस्था आहेत. त्यांत लठ्ठपणा आहे, उंची आहे, स्त्रीच्या छातीचा आकार आणि घडण आहे, 'स्त्रियांचे विकार' असा सरसकट उल्लेखही आहे. यांवरच्या औषधांची जाहिरात करायला बंदी आहे आणि ती बंदी जाहिरात प्रसिद्ध करण्यात भाग घेणाऱ्या प्रत्येकाला लागू होते, म्हणजे मासिकालाही. मागच्या पानांवरच्या चौकटी या यादीशी ताडून पाहिल्या तर काहींना तिथेच काट मारावी लागेल. २०२०च्या दुरुस्ती मसुद्यात गोरेपणाही या यादीत घालायचं सुचवलं होतं.

आत लेखांकडे वळलं की रंगाऐवजी कात्री दिसते. १९८३ मध्ये अमेरिकन संशोधक डेन आर्चर आणि सहकाऱ्यांनी छापील चित्रांतल्या चेहऱ्यांची मोजणी केली. पुरुषांच्या चित्रात चेहरा मोठा आणि बाईच्या चित्रात शरीर जास्त, असं त्यांना आढळलं. हे मोजायला शाळकरी पट्टी पुरते. डोक्याच्या माथ्यापासून हनुवटीपर्यंतचं अंतर घ्यायचं आणि त्याला माथ्यापासून चित्रात शेवटी दिसणाऱ्या अवयवापर्यंतच्या अंतराने भागायचं. पूर्ण उभ्या माणसाचा आकडा ०.१३च्या आसपास येतो, छातीशी कापलेल्या फोटोचा ०.४ ते ०.५. एका अंकातले सगळे फोटो मोजून बायका आणि पुरुष असे दोन रकाने केले की तासाभरात निकाल हातात येतो.

असं का होतं याचं निम्मं कारण मांडणीच्या सवयीत आहे. दोन रकान्यांच्या मधे उभा कटआऊट ठेवून मजकूर त्याच्याभोवती वळवला की पान 'हलकं' दिसतं. साडीची बाह्यरेषा त्याला सोयीची, कोटाची नाही. म्हणून महिला उद्योजक पायांपासून डोक्यापर्यंत उभी राहते आणि तिच्या बँकेचा व्यवस्थापक चौकटीत, टेबलामागे, चष्म्यासकट बसतो. उपाय साधा आहे. एका लेखमालेत सगळ्यांना एकच कात्री लावायची. खांद्याखाली चार बोटं, बाई असो की बुवा.

मजकुराबद्दल एवढंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. आपल्या घरी येणाऱ्या मासिकात वर्षभरात 'वजन घटवा' किती वेळा आलं आणि 'हिमोग्लोबिन' किती वेळा, एवढं वाचकांनी अनुक्रमणिका काढून मोजावं. ज्या शहरात 'मिळून साऱ्याजणी' १९८९ पासून निघतं, आणि ते सुरू करणाऱ्या विद्या बाळांनी त्याआधी किर्लोस्करांच्या 'स्त्री'चं संपादन केलं, त्या शहरात 'वाचकांना हेच हवं असतं' हे उत्तर जरा जपून द्यावं.

तक्रार करायची असेल तर रस्ता असा. अंकाच्या शेवटी किंवा अनुक्रमणिकेच्या पायथ्याशी मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची ओळ असते. १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नोंदणी कायद्यातही ती सुटलेली नाही. पहिलं पत्र तिथल्या संपादकांना, अंकाचा महिना, पान आणि आक्षेप लिहून. समाधान झालं नाही तर त्या पत्राची प्रत जोडून प्रेस कौन्सिलकडे. दैनिक-साप्ताहिकाबद्दल दोन महिन्यांत, मासिकाबद्दल चार महिन्यांत. कौन्सिल दंड करू शकत नाही, समज देते, ठपका ठेवते. जाहिरातीबद्दल असेल तर अ‍ॅस्कीकडे, पैसे पडत नाहीत. 'चित्रण आक्षेपार्ह आहे' एवढंच लिहिलेल्या पत्राचं काही होत नाही. 'पान ४२, चेहरा आणि हात यांचा रंग वेगळा, कमरेपाशी काठ वेडावाकडा, जाहिरात असल्याचा उल्लेख नाही' असं लिहिलेल्या पत्राला उत्तर द्यावं लागतं.

संपादकांकडे मागणं फार नाही. मुखपृष्ठाचा फोटो दुरुस्तीला देताना सोबत मूळ फाइल आणि राखाडी कार्डाचा फोटो द्यावा. दुरुस्तीच्या चिठ्ठीवर 'खुलवा' असा शब्द न लिहिता काय काढायचं ते लिहावं: धूळ, सुटलेला केस, आज आहे आणि आठवड्याने नसेल तो पुरळ. तीळ, व्रण, वळ्या, रंग जागच्या जागी. अंतिम प्रूफ जिचा फोटो आहे तिला दाखवून तिची सही घ्यावी. पुरुष साहित्यिकांना त्यांच्या लेखाचं प्रूफ आपण घरपोच पाठवतोच. आणि श्रेयनामावलीत 'मुखपृष्ठ छायाचित्र' या ओळीखाली 'छायाचित्र दुरुस्ती' म्हणून करणाऱ्याचं नाव घालावं. आठ पॉइंटात एक ओळ, तेवढी जागा त्या पानावर असते.

आपले,
मांडणी, फोटोदुरुस्ती आणि मुद्रणपूर्व कामातल्या काही जणी व काही जण,
पुणे ३०